आजीच्या मनुका

आमच्या घरात मनुका दोन तऱ्हेच्या होत्या. एक वाण्याकडच्या. सत्यनारायणाच्या शिऱ्यात चार-सहा पडायच्या त्या. दुसऱ्या आजीच्या. त्या माजघरात भाताच्या कणगीमागे, तोंडाला फडकं बांधलेल्या मडक्यात असायच्या. रंगाने तांबूस-काळ्या, हाताला चिकट, आणि वास असा की नव्या माणसाने नाक मुरडावं. शहापूर तालुक्यात किन्हवलीच्या पुढे आमचं गाव; तिथे द्राक्षाचा वेल कुणी बघितलेला नव्हता. तरी ओट्यावर परका माणूस बसलेला असताना मी मडक्याकडे बोट दाखवलं की आजी म्हणायची, “मनुका हायेत त्या. जा, खेळ जा.” माणूस पायऱ्या उतरला की त्याच मडक्यातून ओंजळभर काढून ती तव्यावर टाकायची.

ती मोहाची फुलं होती, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. घरोघरी तसं मडकं होतं. मग लपवायचं कुणापासून? हा प्रश्न मला त्या वयात पडला नाही. पडला तेव्हा आजी नव्हती, आणि उत्तर मिळालं ते इतिहास शिकवता शिकवता हाती लागलेल्या एका जुन्या कायद्यात.

आधी फूल सांगते, कारण कल्याण-डोंबिवलीत वाढलेल्या माझ्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांनी मोहाचं झाड ओळखलं नसतं. होळीच्या सुमारास हे झाड पानं टाकून उघडं होतं आणि फांद्यांच्या टोकांना तपकिरी कळ्यांचे झुबके येतात. फूल रात्री उमलतं, पहाटे गळतं. गळतं ते काय, तर पिवळट पांढऱ्या पाकळ्यांची एकजीव झालेली, रसाने टचटचीत अशी करंगळीच्या पेराएवढी कुपी. फळ धरणारा भाग झाडावरच राहतो. त्यामुळे टोपल्या भरभरून फुलं वेचली तरी झाडाचं काही जात नाही. पावसाच्या तोंडावर त्याच झुबक्यांना मोहट्या लागतात आणि त्यांच्या बियांचं तेल निघतं. एकाच झाडाने चैत्रात गोड द्यायचं आणि ज्येष्ठात तेल.

आजी आणि माझी चुलती पहाटे चारला टोपल्या घेऊन निघायच्या. झाडाखालचा पाचोळा आदल्या दिवशीच झाडून जमीन लख्ख केलेली असायची. काही लोक पाचोळा झाडण्याऐवजी पेटवून देतात आणि त्यातून वणवे लागतात. आजी त्यांचा उद्धार ज्या शब्दांत करायची ते इथे लिहिता येणार नाहीत. उजाडायच्या आत पोचावं लागे, कारण हे फूल गुरांना माणसांइतकंच आवडतं. रात्रभर झाडावर वटवाघळांचा धिंगाणा झालेला असायचा. त्यांनी अर्धवट खाऊन टाकलेली फुलं गाईच्या वाट्याची, धड फुलं आमची. घरी आणून ती सारवलेल्या खळ्यात पातळ पसरायची. तीन-चार कडक उन्हं दिली की टचटचीत फूल सुरकुततं, तांबूस होतं. मग सुपात घोळून आतले केसर झटकायचे. सुकलेलं मोहाचं फूल आणि मनुका शेजारी शेजारी ठेवा. आजीची थाप अगदीच बिनबुडाची नव्हती हे पटेल.

तिच्या हातचे लाडू मला सगळ्यात जास्त आठवतात. फुलं कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाजायची, कुरकुरीत होईपर्यंत. तीळ वेगळे भाजायचे. दोन्ही उखळात घालून कुटायचं. कुटता कुटताच ते एकमेकांना धरायला लागतं. गूळ नाही, तूप नाही. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते, वरून आणखी काय घालणार? चव खजुराच्या जवळची, पण मागे एक धुरकट, रानटी लकेर राहते. ती ज्याला आवडली त्याला खजूर मिळमिळीत लागतो. दुसरं म्हणजे भाकरी. फुलं शिजवून, पाट्यावर वाटून त्यातच नाचणीचं पीठ मळायचं. साखरेमुळे ही भाकरी तव्याला लवकर लागते, म्हणून चुलीतली दोन लाकडं मागे ओढायची. आणि फार फुलं आली त्या वर्षी राब: फुलं उकळून, फडक्यातून पिळून ते पाणी काकवीसारखं दाट होईपर्यंत आटवायचं आणि तांदळाच्या घावनाशी खायचं. कच्ची फुलं मात्र मूठभराच्या वर खाऊ द्यायची नाही. डोकं जड होतं म्हणायची.

या सगळ्यात दारू कुठेच नव्हती. आमच्या गावात कुणी मोहाची गाळत नव्हतं असं म्हणणार नाही, ते खोटं होईल. पण आमच्या घरात फूल यायचं ते चुलीसाठी.

मोहाच्या फुलाचा माणसाशी संबंध किती जुना, याला आपल्याकडे एक सुरेख पुरावा आहे. सातवाहन राजा हालाच्या नावाने ओळखली जाणारी ‘गाथासप्तशती’ महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे मराठीच्या आजीच्या बोलीत. तिच्यात गोदावरीकाठचा मोह आहे आणि त्याखाली फुलं वेचणारी बाईही आहे. टीकाकार तिच्या प्रेमप्रकरणावर पानं खर्च करतात: फुलं वेचायला जाणं हे तिचं पहाटे घराबाहेर पडण्याचं निमित्त, म्हणून हंगाम संपू नये असं तिला वाटतं. ठीक आहे. मला मात्र त्या गाथा वाचताना वेगळीच गोष्ट दिसते. निमित्त चालतं तेव्हाच, जेव्हा ते काम घरच्यांना रोजचं आणि गरजेचं वाटत असतं. दोन हजार वर्षांमागे गोदाकाठची सासू सुनेला पहाटे टोपली देऊन पाठवत होती, ती फुलं चुलीपर्यंत पोचावीत म्हणूनच ना? या फुलाचं संस्कृत नाव मधूक, प्राकृतात महुअ, आपलं मोह. षड्रिपूंतल्या मोहाशी याचं नातं नाही. नातं आहे ते मधाशी. फुलाचं आसवही जुनंच आहे. चरकसंहितेत मधूकासव येतं. खाणं आणि पिणं दोन्ही एका फुलातून निघत होतं आणि त्याचा निवाडा सरकारने करायचा असतो असं कुणाला वाटत नव्हतं.

निवाडा करणारे आले ते एकोणिसाव्या शतकात, आणि ते आले महसुलासाठी.

मुंबई शहर वाढत होतं, गिरण्या उभ्या राहत होत्या, आणि दिवसभर राबलेल्या माणसाला संध्याकाळी जी स्वस्त दारू लागायची ती बहुतेक मोहाची असायची. ती गाळली जायची खाडीपलीकडे उरणला. तिथे पारशी मालकांच्या भट्ट्यांची रांगच होती. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरात या भट्ट्यांची हकीगत आहे. उरण तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. भट्ट्यांना लागणारं फूल येत होतं गुजरातेतून, पंचमहालाकडून, आगगाडीने आणि गलबतांनी. ठाणे-कुलाब्याच्या रानात तेच फूल मातीत पडत असताना उरणला ते शेकडो मैलांवरून का आणायचं? कारण पोत्यांनी, वजन करून, कर मोजता येईल अशा रीतीने आलेलं फूल सरकारला सोयीचं होतं. ठाकरणीच्या टोपलीतलं फूल मोजणार कोण?

१८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला. मीठ आणि अबकारी महसुलाचा कारभार पाहणारे चार्ल्स प्रिचर्ड हे त्या नव्या व्यवस्थेचे कर्ते. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद, गाळप मोठ्या ठरावीक भट्ट्यांत, विक्री मक्तेदारांकडे, ताडीच्या प्रत्येक झाडावर कर. दारू महागली. दारू महागली की घरी गाळणं वाढतं, हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही. मग घरी गाळणं थांबवायचं कसं? वारल्याच्या, कातकऱ्याच्या, ठाकराच्या झोपडीत रोज रात्री शिपाई पाठवता येत नाही. म्हणून सरकारने कच्च्या मालावरच बोट ठेवलं. १८९२ साली मुंबई सरकारचा तिसरा कायदा आला. त्याचं नाव ‘म्होवरा ॲक्ट’. म्होवरा म्हणजे आपला मोहच, साहेबाच्या तोंडी गेलेला. ठाणे आणि कुलाबा हे दोन जिल्हे त्यात मुख्यतः डोळ्यांपुढे होते. परवान्याशिवाय फुलं गोळा करणं, बाळगणं, नेणं-आणणं, विकणं यांवर बंधनं आली.

दारूवर कर बसवणं मी समजू शकते. जगातल्या सगळ्या सरकारांनी तो बसवला आहे. पण झाडाखाली पडलेलं फूल टोपलीत घेतलं की आपण गुन्ह्याच्या हद्दीत आलो, ही गोष्ट वेगळ्या जातीची आहे. उद्या कुणी तांदळाची दारू होते म्हणून भाताची कणगी परवान्याखाली आणली तर? जव, द्राक्ष, ऊस, काजूचं बोंड यांतल्या प्रत्येकातून दारू निघते. त्यांच्याकडे आधी अन्न म्हणून पाहतात, मग दारू म्हणून. मोहाच्या वाट्याला उलटं आलं, कारण ते खाणारे लोक गॅझेटियर लिहिणाऱ्यांच्या पंगतीला कधी बसले नव्हते.

गंमत म्हणजे साहेबांना हे फूल खाण्याचं आहे हे पुरतं ठाऊक होतं. १८७३-७४ साली बिहारमध्ये टंचाई पडली, तेव्हा मोह भरपूर आला आणि त्याने हजारो गरीब तगले, असं मुंगेरच्या लॉकवूड या अधिकाऱ्याने लिहून ठेवलं आहे. या गृहस्थाला फूल इतकं भावलं की ते विलायतेत डुकरांना चारावं म्हणून त्याने खटपट केली. जॉर्ज वॅटच्या भारतातल्या व्यापारी उत्पन्नांच्या जाडजूड कोशात मोहावर पानंच्या पानं आहेत. फ्रान्समध्ये दारू गाळायला इथून फूल जहाजांनी जात होतं. पहिल्या महायुद्धात तर बंदुकीच्या दारूची पाळी आली: कॉर्डाइटसाठी ॲसिटोन लागतं, ते मोहाच्या फुलातून काढता येईल का, यावर बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गिल्बर्ट फाउलर यांनी प्रयोग केले. मुंगेरचं फूल डुकरांच्या पोटात आणि तोफांच्या पोटात जाऊ शकत होतं. शहापूरचं फूल माझ्या पणजीच्या पोटात जाताना मात्र शिपायाची परवानगी हवी होती.

१८९२ साली पणजी नवी सून असावी. तिने ते मडकं कणगीमागे ढकललं आणि आजीने ते तिथेच ठेवलं, असा माझा हिशेब आहे.

इंग्रज गेल्यावर मडकं पुढे यायला हवं होतं. आलं नाही. १९४९ साली मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा झाला, मोरारजी देसाई गृहमंत्री होते, आणि १९५० पासून राज्यभर दारूबंदी आली. त्याबरोबर मोहफुलांसाठी वेगळे नियमही आले. हेतू बदलला होता. आधी सरकारला दारूतून पैसा हवा होता, आता दारूच नको होती. मोहाच्या फुलाकडे बघण्याची नजर तेवढी जुनीच राहिली. त्या कायद्याच्या व्याख्येत एक ओळ अशी आहे की मोहफुलात मोहाचं फळ किंवा बी धरायचं नाही. ती वाचली तेव्हा आमचं माजघर डोळ्यांपुढे आलं. मोहटीच्या तेलाचा डबा चुलीशेजारी, सगळ्यांच्या नजरेसमोर. फुलाचं मडकं कणगीमागे. आजीला अक्षरओळख नव्हती, पण कायद्याचं कलम तिने मांडणीसकट पाळलं होतं.

लग्न होऊन मी कल्याणला आले आणि फुलं खाणारी माणसं मला तिथेही भेटली. सासूबाई हादग्याची फुलं मधला कडू दांडा काढून परतायच्या. केळफूल सोलायला बसल्या की हाताला तेल चोपडून, एकेका कळीतली कडक काडी आणि कागदासारखी पापडी काढत दुपार घालवायच्या आणि चिरलेलं फूल रात्रभर ताकाच्या पाण्यात ठेवायच्या. शेवग्याची फुलं डाळीत, भोपळ्याची भज्यांत. गुढीपाडव्याला कडुनिंबाचा फुलोरा, गूळ, हिंग, जिरं, चिंचेबरोबर वाटून. आणि पहिल्या पावसात शेवळं. शेवळं म्हणजे रानसुरणाचा फुलोराच. घशाला खाजू नये म्हणून त्यात काकडं घालावी लागतात आणि कोळंबीबरोबर ती लागतात म्हणजे काय लागतात! कल्याणच्या बाजारात कातकरणी शेवळांच्या जुड्या घेऊन बसायच्या आणि पांढरपेशा बायका घासाघीस करून त्या न्यायच्या. त्याच कातकरणींच्या फडक्यावर मार्च-एप्रिलात कैऱ्या, करवंदं, रानातली सगळी नवलाई असे. मोहाची फुलं मी तिथे कधी बघितली नाहीत. एकीला विचारलं तर ती हसली आणि म्हणाली, “बाय, ती हितं आणायची नसत्यात.”

खरं तर मी स्वतःही तेच करत होते. नव्वदच्या आसपास गावाहून एसटीने येताना चुलतीने दिलेली दोनेक किलो फुलं पिशवीत होती. एका नाक्यावर गाडी थांबवून खाकीतला एक जण पिशव्या चाचपत आला. माझ्या पिशवीत हात घालून, चार फुलं तळहातावर घेऊन त्याने विचारलं, “काय हे?” मी इतिहासाची शिक्षिका. मुलांना सत्याग्रह शिकवणारी. आणि माझ्या तोंडून निघालं, “मनुका.” त्याने एक तोंडात टाकली, माझ्याकडे बघितलं, उरलेल्या तीन पिशवीत टाकल्या आणि पुढे गेला. त्याच्याही घरी मडकं असणार.

विदर्भातली गोष्ट थोडी निराळी आहे. चंद्रपूर, भंडारा हा मुलूख मध्य प्रांतात होता. १८९२ चा मुंबईचा कायदा तिथे लागू नव्हता. गोंड, माडिया घरांत मोहफूल उघड राहिलं. पुढे राज्यं जुळली, मुंबईचा कायदा तिकडे गेला. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि ती तिथल्या बायकांनी मागून घेतली आहे. दारूने कोणाचं घर मोडतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्यांच्या मागणीवर मी बोट ठेवणार नाही. पण त्याच बाया पहाटे मोह वेचतात. फूल आणि दारू यांच्यात एक भट्टी असते आणि भट्टी लावायची की नाही हे माणूस ठरवतो, हे त्यांना कळतं. कायद्याला ते कळायला फार वेळ लागला. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावाचा हक्क मानला, आणि २०२१ साली राज्य सरकारने मोहफुलं गोळा करणं, बाळगणं, नेणं-आणणं यांवरचे निर्बंध उठवले. १८९२ ते २०२१ म्हणजे १२९ वर्षं.

इतक्या वर्षांत चार पिढ्यांच्या हातून पदार्थ गेले. माझ्या चुलतीला राब आटवता येत होता, तिच्या सुनेला येत नाही. लाडू मला येतो तो पाहून पाहून. भाकरी माझी दरवेळी करपते. दारू कशी गाळायची हे मात्र गावात कुणी विसरलं नाही. जे थांबवायचं होतं ते राहिलं आणि जे चुलीवर होतं तेवढं पुसलं गेलं, हे त्या कायद्याचं खरं फळ. हल्ली मोठ्या हॉटेलात ताटलीच्या कडेला दोन पाकळ्या ठेवून खाण्याच्या फुलांचं कौतुक चालतं. चालू दे. त्या पाकळ्यांनी कुणाचं पोट भरल्याचं ऐकिवात नाही.

अलीकडे बचत गटांच्या प्रदर्शनांत मोहाचे लाडू आणि वाळलेली फुलं मिळायला लागली आहेत. गेल्या फाल्गुनात मी ठाण्याला अर्धा किलो घेतली. पाकिटावर ठसठशीत अक्षरांत ‘मोहफूल’ असं छापलं होतं. ती मी काचेच्या बरणीत भरून ओट्यावर, खिडकीशी ठेवली आहेत. तुम्ही घेतलीत तर भाजायच्या आधी तीन पाण्यांनी धुवा आणि पुन्हा एक ऊन द्या. जमीन कितीही झाडलेली असली तरी झाडाखालची रेती फुलात येतेच, आणि लाडवात ती कचकन दाताखाली लागते.